फुलाने ज्यांच्याकडे पाहिले

प्रत्येक घराण्यात एखादा माणूस असा निघतो, की तो कुणाच्याच चौकटीत बसत नाही. जिवंतपणी त्याला आपण चक्रम म्हणतो, आणि तो गेला की तेराव्याला जमलेल्या मंडळींत ‘फार साधा माणूस होता हो’ एवढे बोलून मोकळे होतो. त्याचा हट्ट, त्याची भटकंती, त्याची भांडणे यांवर पडदा पडतो. आमच्या मते हा मृताचा सन्मान नव्हे.

या बेटाने असा एक मनस्वी माणूस १ ऑक्टोबर १९८१ रोजी गमावला. माल्कम द शाझाल हे त्यांचे नाव. लेखक आणि चित्रकार म्हणून ते आज सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या आयुष्याकडे मात्र आपण मराठी मंडळींनी जरा जवळून पाहावे, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म १९०२ साली व्हाक्वा येथे, जुन्या फ्रेंच वंशाच्या घराण्यात झाला. ज्या उसासाठी आपले आजे-पणजे कोकण सोडून जहाजात बसले, त्याच उसापासून साखर करण्याची विद्या शिकायला हा तरुण अमेरिकेत, लुइझियानाला गेला. इंजिनियर होऊन परतला. पुढची वाट आखलेलीच होती: कारखाना, बंगला, मानमरातब. पण शाझाल यांचे मन त्या वाटेवर रमले नाही. साखरधंदा सोडून त्यांनी टेलिफोन खात्यात साधी नोकरी धरली, ती १९५७ पर्यंत केली, आणि तेवढ्या काळात लिहीत राहिले. लग्न केले नाही. एकट्याने खूप चालावे आणि दिसेल त्याच्याशी नाते जोडावे, हाच त्यांचा संसार.

क्यूरपीपच्या उद्यानात एकदा ते अझेलियाचे फूल न्याहाळीत होते. तेव्हा ते फूलच आपल्याकडे पाहत आहे असे त्यांना जाणवले, असे ते सांगत. त्या दृष्टीतून छोट्या-छोट्या वचनांचा ‘सांस प्लास्तीक’ हा ग्रंथ झाला. १९४८ साली तो पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने काढला, आणि आंद्रे ब्रतोंसारख्या कवीने त्याची वाखाणणी केली. इथे मात्र त्यांच्याच समाजातील कित्येकांना हा माणूस वेडाच वाटला.

१९५१ च्या ‘पेत्रुसमोक’ या पुस्तकात तर आपले डोंगर म्हणजे प्राचीन लोकांनी कोरलेल्या मूर्ती आहेत, असे त्यांनी लिहिले. शहाण्यांनी नाके मुरडली. पण पीटर बोथच्या शिखरावरचे डोके म्हणजे पऱ्यांचे गुपित फोडल्यामुळे दगड झालेला दूधवाला, ही गोष्ट आपल्या लेकरांनीही ऐकलीच आहे ना? ती सांगणाऱ्या आजीला कुणी वेडी म्हटले नाही!

पुढे त्यांनी कुंचला हाती घेतला. त्यांची फुले, मासे आणि डोडो पक्षी एखाद्या मुलाने भरावेत तशा भडक, निर्भय रंगांत रंगले आहेत.

शाझाल स्वभावाने सोपे नव्हते. आपण प्रतिभावंत आहोत हे ते स्वतःच उघड सांगत. वर्तमानपत्रांतून वाद घालीत. वर्णाच्या आणि जातीच्या अहंकारावरून आपल्याच माणसांना खडे बोल सुनावीत. हे सारे वगळून उरेल तो भिंतीवरचा फोटो, शाझाल नव्हेत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आपल्याही घरांत असे कुणी होऊन गेले असतील. शेतावरचे काम टाकून ढोलकीमागे रात्री जागवणारे काका असतील, नवऱ्यामागे कुणाचे न ऐकता स्वतःच्या हिमतीवर दुकान चालवणारी आत्या असेल. पितृपक्षात पान वाढताना त्यांची गोष्ट नातवंडांना जशीच्या तशी सांगावी, त्यांच्या हट्टासकट आणि चुकांसकट. सांगणारी म्हातारी माणसे अजून आहेत तोवरच हे होईल. नाहीतर पोरांना वाटेल, की आपल्या घराण्यात सगळ्यांनी निमूटपणे ऊस तोडला आणि निमूटपणेच डोळे मिटले. आणि एखादे पोर वेगळ्या वाटेने जाऊ लागले, तर त्याला पाठीशी उभा राहणारा पूर्वज सापडणार नाही.