कुंडीतील मृत्तिका आणि वाफशाचा प्रश्न

मराठी कृषकाच्या बोलीत जमिनीच्या गुणदोषांची जी विपुल शब्दसंपत्ती आहे, तीत ‘वाफसा’ हा शब्द विशेष अर्थगर्भ म्हणावा लागेल. पाऊस उघडल्यावर जमीन चिखलही राहिलेली नाही आणि वाळूनही गेलेली नाही, कणांभोवती ओल आहे व कणांमधल्या पोकळीत हवा खेळते आहे, अशा अवस्थेस वाफसा म्हणतात. वाफसा आल्याखेरीज पेरणी करू नये, हे शेतकऱ्यास कोणा ग्रंथकाराने शिकविलेले नाही. कुंडीतील ठेंगण्या फळझाडाच्या मातीविषयी जे शास्त्रीय विवेचन आज उपलब्ध आहे, त्याचा गाभा याच शब्दात सामावतो. कुंडीतही वाफसा यावयास हवा. परंतु शेतात तो ज्या रीतीने येतो त्या रीतीने कुंडीत येत नाही.

शेतातील वरच्या थरातले जादा पाणी खाली ओढले जाते, कारण त्याखाली मातीचा अखंड स्तंभ असतो. कुंडीत हा स्तंभ वीतदीड वितीवर एकाएकी संपतो. तळाच्या छिद्राखाली केवळ हवा असल्याने केशाकर्षणाने धरलेले पाणी तेथेच अडून राहते आणि तळाशी पूर्ण भिजलेला, निर्वात असा थर तयार होतो. या थराची उंची कुंडीच्या उंचीवर अवलंबून नसून मातीच्या कणांच्या जाडीवर अवलंबून असते. कण बारीक, तर थर उंच. समजा, एखाद्या मिश्रणात हा थर १० सेंटिमीटरांचा आहे. १५ सेंटिमीटर खोल कुंडीत मुळांना श्वास घेण्यास वरचे ५ सेंटिमीटरच उरतील. ४५ सेंटिमीटर खोल कुंडीत ३५ उरतील. ज्यास याचा प्रत्यय पाहावयाचा असेल त्याने भिजलेला स्पंज आडवा धरून निथळू द्यावा व थेंब थांबल्यावर तोच उभा धरावा. पाणी पुन्हा गळू लागते.

तळाशी खापऱ्या किंवा खडी घातल्याने निचरा सुधारतो, ही समजूत सर्वत्र रूढ आहे आणि ती चुकीची आहे. बारीक मातीतले पाणी जाड खडीच्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती संपृक्त झाल्यावरच ते उतरते. परिणामी ओला थर नाहीसा न होता खडीच्या जाडीइतका वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येतो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील वॉल्टर गार्डनर यांनी १९५९ साली मातीतील पाण्याच्या हालचालींचा चित्रपट करून भिन्न पोताच्या थरांवर पाणी कसे थबकते ते दाखविले. तथापि माळीकामाच्या पुस्तकांतून खडी अद्याप हटलेली नाही. छिद्रातून माती वाहू नये म्हणून एखादी खापरी वा जाळीचा तुकडा ठेवणे निराळे. त्यास हरकत नाही.

आता कागदी लिंबाचे उदाहरण घेऊ. कुंडीसाठी लिंबूवर्गीय झाड ठेंगणे राखावयाचे असल्यास ते ट्रायफोलिएट ऑरेंजच्या ‘फ्लाइंग ड्रॅगन’ या खुंटावर बांधण्याची रीत आहे. दख्खनच्या पठारावरील रहिवाशाची प्रवृत्ती अशा कलमास ‘चांगली काळी कसदार’ माती आणून घालण्याची असते. येथे ‘कसदार’ हे विशेषण दगा देते. काळ्या मातीचा कस हा शेताच्या संदर्भातला गुण आहे. तिच्यातील अतिसूक्ष्म चिकणकण ओल धरून ठेवतात, म्हणून खोल रानात रब्बीचे पीक पावसावाचून तगते. कुंडीत हेच कण तळापासून वरपर्यंत पाणी कोंडतात आणि वाळताना माती आक्रसून कडेला भेग पडते. पुढे घातलेले पाणी त्या भेगेतून सरळ खाली जाते. मधला गोळा कोरडाच राहतो. शिवाय या जमिनीत बहुधा चुनखडी असते व तिचा सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचा निर्देशांक, ७.५ ते ८.५ च्या घरात असतो. लिंबास ५.५ ते ७ मानवतो. चढ्या सामूत लोह असूनही मुळांना लाभत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ट्रायफोलिएट खुंट तर चुनखडीस विशेषच असहिष्णू आहे. म्हणजे झाड ठेंगणे करण्याचा उपाय आणि माती कसदार करण्याचा उपाय एकमेकांच्या मुळावर येतात. पुढची चूक अधिक घातक असते. मुळे कुजलेले झाड तहानलेल्यासारखेच मान टाकते, आणि पाहणारा त्यास आणखी पाणी घालतो.

काळ्या मातीत थोडी वाळू मिसळून भागत नाही. वाळूच्या कणांमधल्या फटी चिकणमातीने भरून जातात. अर्ध्याहून अधिक भरड द्रव्य पडल्याशिवाय पोकळी टिकत नाही. इंग्लंडातील जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स व न्यूएल यांनी १९३० नंतरच्या दशकात जे प्रमाण बसविले, त्यात पोयट्याचे सात, पीटचे तीन व भरड वाळूचे दोन भाग होते. एकसारखा पोयटा मिळणे दुर्घट, म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९५७ च्या पुस्तिकेने पोयटा वगळून बारीक वाळू व पीट यांवर भर दिला. आपल्याकडे पीटची जागा नारळाच्या काथ्याच्या भुश्याने घेतली आहे. त्यात क्षार असतात, सबब तो दोनतीन पाण्यांतून धुऊन घ्यावा. लिंबासाठी जांभ्या प्रदेशातील तांबडी माती दोन भाग, चाळून धूळ काढलेले विटांचे बारीक तुकडे दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग व धुतलेला भुसा एक भाग, असे मिश्रण योग्य ठरते. पाडलेल्या बांधकामाचा चुरा मात्र घेऊ नये, कारण त्यातला चुना सामू चढवितो. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीही येते.

मिश्रण सिद्ध झाल्यावर ते पारखण्याची एक सोपी कसोटी आहे. ज्याचे घनफळ ठाऊक आहे अशा, तळाशी छिद्र असलेल्या डब्यात ते भरावे. छिद्र बुजवून पृष्ठभागावर पाणी चमकेपर्यंत सावकाश पाणी मुरवावे. मग बूच काढून निथळलेले पाणी मोजावे. ते जेवढे, तेवढी हवेची जागा. ती डब्याच्या घनफळाच्या दशांशाहून कमी भरली तर भरड द्रव्य वाढवावे. पाचव्या हिश्श्याच्या आसपास असल्यास उत्तम. डबा शक्यतो कुंडीइतकाच खोल घ्यावा, नाहीतर वर सांगितलेल्या कारणाने कसोटी फसते.

उत्तम मिश्रणही स्थिर राहत नाही. सेंद्रिय अंश कुजून जातो, कण बारीक होतात, माती खचते आणि ओला थर वर्षागणिक वर चढतो. विंधणविहिरीचे जड पाणी असल्यास क्षार साचून कुंडीच्या कडेला पांढरी किनार धरते. अधूनमधून पावसाचे साठविलेले पाणी भरपूर ओतून ते तळातून धुऊन काढावे. पावसाळ्यात उलट अडचण असते. क्षारांबरोबर नत्रही वाहून जाते, म्हणून खत एकदम न देता थोडेथोडे द्यावे. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे आत घालून पाहणे हे कोणत्याही वेळापत्रकापेक्षा विश्वसनीय होय. (शेतात बहार धरताना लिंबास जो ताण देतात, त्यास आठवडे लागतात. कुंडीत तो उन्हाळ्याच्या चार दिवसांतच बसतो आणि तो बहुधा कोणी हेतुपुरस्सर दिलेला नसतो.)

माती खचली म्हणजे वरून भर घालण्याचा मोह होतो. कलमाचा जोड मातीत गाडला गेल्यास डिंक्या रोगास वाट मिळते, आणि वरच्या कलमासही मुळे फुटून खुंटाचा ठेंगणेपणा निष्फळ होतो. यास्तव दर दोनतीन वर्षांनी, पावसाळ्याच्या आरंभी, झाड गोळ्यासकट बाहेर काढावे. कडेने गोल फिरलेली मुळे धारदार सुरीने बोटभर छाटावी, जुनी माती काठीने मोकळी करून शक्य तितकी झाडावी आणि तळाशी नवे मिश्रण घालून झाड पूर्वीच्याच पातळीवर बसवावे. जुना गोळा तसाच ठेवून भोवती निराळ्या पोताची माती भरली, तर दोहोंच्या सीमेवर पाणी पुन्हा अडते. भरताना माती मुठीने ठोकू नये. कुंडी दोनदा जमिनीवर हलकेच आपटली की पुरे. पाणी एकदा तळातून वाहीपर्यंत द्यावे, आठवडाभर झाड सावलीत ठेवावे, आणि दुसरे पाणी बोटाला वरची माती कोरडी लागल्यावरच द्यावे.