उरलेल्या ओळी

आमच्या मंडळाची रक्तदात्यांची यादी म्हणजे संगणकावरची साधी मजकुराची फाईल. एका ओळीत एक दाता : नाव, गाव, रक्तगट, फोन. एका रात्री अकराच्या सुमारास निरोप आला, ओ निगेटिव्ह रक्त हवं आहे. हजारभर ओळी डोळ्यांनी चाळायला वेळ कुठला? मी लिनक्सची काळी खिडकी उघडली आणि टाईप केलं : ग्रेप, पुढे अवतरणचिन्हांत 'ओ निगेटिव्ह', पुढे फाईलचं नाव. एंटर दाबताच चार ओळी हजर! फोन लावले. दोघे परगावी, एकाचा नंबर बंद, चौथ्याने पंधरवड्यापूर्वीच रक्त दिलेलं.

हे ग्रेप युनिक्सच्या घरातलं जुनं अवजार. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन यांनी ते लिहिलं. 'ईडी' नावाच्या संपादकात जी-आरई-पी अशी आज्ञा होती : फाईलभर हा नमुना शोध आणि जुळणारी ओळ छाप. नाव त्यावरूनच पडलं. ग्रेप एकेक ओळ वाचतं, जुळली तर दाखवतं, नाही तर गुपचूप पुढं जातं.

हे गुपचूप जाणंच त्या रात्री नडलं. यादी पाच-सहा जणांनी टाईप केलेली. कुणी 'निगेटिव्ह' लिहिलं, कुणी 'निगेटीव', कुणी नुसतं ओ आणि वजाचं चिन्ह. ग्रेपला अर्थ कळत नाही, अक्षरं कळतात. मराठीत तर आणखी गंमत. 'कऱ्हाड'मधला ऱ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा र-खाली नुक्ता देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे, ग्रेपच्या लेखी निरनिराळे!

मग आठवलं 'डॅश व्ही'. हे जोडलं की ग्रेप उलटं वागतं, न जुळणाऱ्या ओळी दाखवतं. प्रत्येक नमुन्याआधी 'डॅश ई' लिहून एकाच आज्ञेत 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' हे दोन शब्द दिले. ते नीट लिहिलेल्या सगळ्या ओळी गळल्या आणि साठेक वाकड्यातिकड्या उरल्या. तेवढ्या वाचायला पाच मिनिटं पुरली. त्यांत ओ निगेटिव्हचे आणखी दोघे निघाले. त्यांतल्या एक बाई साडेबाराला स्कूटरवरून रुग्णालयात पोचल्या.

यादी मी पुढच्या रविवारी दुरुस्त केली. एक ओळ मात्र तशीच आहे. तिथं रक्तगटाच्या जागी लिहिलंय : 'आईला विचारून सांगते.'