गोदामात औषध मारण्यापूर्वी परवाना विचारा

कपड्याच्या धंद्यात आगीची भीती जितकी, तितकीच कसर आणि वाळवीची. खळ दिलेल्या सुती ताग्याला कसर व झुरळे लवकर लागतात, लोकरीच्या मालात अळी पडते. एक भोक पडले की तागा निम्म्या भावाला जातो. म्हणून वर्षातून एकदा तरी आपण गोदामात औषध मारून घेतो. पण मारणारा कोण, त्याच्याकडे परवाना आहे का, डब्यात आहे काय, हे किती जण विचारतात? आम्हीही विचारले नव्हते.

2017 च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. लग्नसराईचा माल भरला होता. ओळखीतला एक माणूस स्वस्तात काम करतो म्हणाला. बिल नाही, कागद नाही. त्याने गाठोड्यांमध्ये गोळ्या ठेवल्या आणि शटर ओढून घेतले. सकाळी आमच्या नोकराने गोदाम उघडले. थोड्याच वेळात त्याला मळमळ व उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी विचारले, औषध कोणते? आम्हाला सांगता येईना. मारणाऱ्याकडे मूळ डबाही नव्हता. खुदाची मेहेरबानी की मुलगा वाचला. जरीच्या साड्या मात्र काळवंडल्या.

त्या गोळ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या होत्या, हे नंतर कळले. हवेतील दमटपणा लागताच त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तो फटीतून शेजारच्या खोलीतही शिरतो. ढेकणांसाठी एका घरात ठेवलेल्या गोळ्यांनी शेजारच्या घरात जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. या विषावर उतारा नाही. हा वायू तांबे व चांदीलाही खातो, आणि जरीच्या तारेत तेच असते. शहाण्या माणसाने जरीच्या गोदामात ही धुरी देऊच नये.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. 1958 साली केरळात जहाजातून धान्य-पिठाबरोबर आलेले पॅराथिऑन गळून खाण्याच्या मालात मिसळले आणि शंभरावर माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या चौकशीनंतर 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम आले. धंदा म्हणून कीड नियंत्रण करणाऱ्याला परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो; हे काम राज्याच्या कृषी खात्याकडे आहे. धुरीच्या विषारी औषधांसाठी नियम आणखी कडक आहेत. कृषी पदवीधर किंवा रसायनशास्त्र घेऊन झालेला विज्ञान पदवीधर हवा, शिवाय म्हैसूर, हापूड किंवा हैदराबाद येथील सरकारी संस्थेतील प्रशिक्षणाचा दाखला हवा. या गोळ्या दुकानदाराने किंवा घरमालकाने स्वतः आणून वापरायच्या नाहीत.

औषधही चालू यादीतले हवे. झुरळे-ढेकणांसाठी वर्षानुवर्षे मारले जाणारे डायक्लोरव्हॉस 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. कोणी जुना साठा घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

व्यापारी बांधवांनी काम देण्यापूर्वी परवाना पाहून त्याची नक्कल ठेवावी. औषध मूळ सीलबंद डब्यातूनच निघाले पाहिजे, बाटलीत ओतून आणलेले नको. डब्यावरील नोंदणी क्रमांक, मुदत आणि त्रिकोणाचा रंग बघावा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, निळा व हिरवा. औषधाचे नाव, प्रमाण, तारीख आणि गोदाम किती वेळ बंद ठेवायचे हे बिलावर लिहून घ्यावे. शेजाऱ्यांना आधी कळवावे. गोदामाच्या वर कोणी राहत असेल तर धुरीचा विचारही करू नये. उघडताना हवा खेळल्याशिवाय नोकराला आत पाठवू नये. रिकामा डबा भंगारात विकू नये.

आपल्यातील अनेक तरुण फवारणीचा पंप पाठीवर घेऊन या धंद्यात उतरले आहेत. धंदा हलाल आहे, मेहनतीचा आहे. पण परवान्याशिवाय अपघात झाला तर पोलीस ठाण्यात उभे राहायची वेळ त्यांच्यावरच येते. चौघांनी मिळून एका पात्र पदवीधराला भागीदार करावे, त्याच्या नावे परवाना काढून त्याच्या देखरेखीखाली काम करावे. हातमोजे व मुखवटा यांचा खर्च दरातच धरावा. मग मोठ्या गिरण्या आणि सरकारी गोदामांच्या कामांसाठीही त्यांना दर भरता येतील.

आमच्याकडे औषध मारणाऱ्या त्या माणसाला आम्ही दोष देत बसलो नाही. त्याला कोणी शिकवले नव्हते आणि आम्ही पैसे वाचवायला गेलो होतो. नोकराचा जीव ही मालकाकडची अमानत आहे. तो मुलगा आजही आमच्याकडे आहे. गोदामाची किल्ली त्याच्याच हातात असते, आणि औषधवाला आला की परवाना आधी तोच मागतो.