रायपूरची लोकसंख्या आणि वस्तीची दाटी

एखादे शहर किती मोठे आहे असे विचारले असता बहुतेक लोक लोकसंख्येचा आकडा सांगतात; आणि ते किती दाट आहे असे विचारले असता बाजारातील गर्दीकडे बोट दाखवितात. शास्त्राचे या उत्तरांनी समाधान होत नाही. लोकसंख्या म्हणजे ठराविक दिवशी ठराविक हद्दीच्या आत आढळलेल्या माणसांची संख्या. आणि दाटी म्हणजे त्या संख्येला त्या हद्दीतील क्षेत्रफळाने भागले असता येणारा भागाकार. दोन्ही व्याख्यांत ‘हद्द’ हा शब्द आला आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. त्याचे महत्त्व रायपूरच्या उदाहरणावरून चांगले समजते.

रायपूर हे खारून नदीच्या काठचे जुने गाव. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. १८१८ साली या प्रदेशाचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविण्यात आले. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार ज्या प्रांताच्या राजधानीतून चाले, ती राजधानीही नागपूरच होती. शहरातील तात्यापारा या मोहल्ल्याचे नाव त्या जुन्या संबंधाची आजही आठवण देते.

१९०१ सालच्या खानेसुमारीत रायपुरात ३२,११४ माणसे मोजली गेली. १९५१ साली ती सुमारे ९० हजार झाली, तर १९६१ साली सुमारे १ लक्ष ४० हजार. मधल्या काळात, १९५९ साली, जवळच भिलाई येथे पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली होती. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले व रायपूर त्याची राजधानी बनले. २००१ साली शहराची लोकसंख्या सुमारे ६ लक्ष ६ हजार होती; २०११ साली ती सुमारे १० लक्ष १० हजार भरली. म्हणजे एकशे दहा वर्षांत शहर तीसपटींहून अधिक वाढले.

शहराची लोकसंख्या तीन मार्गांनी वाढते. पहिला, मृत्यूंपेक्षा जन्म अधिक झाल्याने. दुसरा, बाहेरून माणसे राहावयास आल्याने. आणि तिसरा, शेजारची गावे हद्दीत घेतल्याने. यांपैकी कोणता मार्ग किती प्रबळ, याचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. २००१ ते २०११ या दशकात संपूर्ण छत्तीसगडची लोकसंख्या शेकडा सुमारे २२.६ या प्रमाणात वाढली. रायपूर त्याच वेगाने वाढले असते, तर २०११ साली तेथे सुमारे ७ लक्ष ४३ हजार माणसे आढळली असती. प्रत्यक्षात आढळली १० लक्ष १० हजार. वरची सुमारे २ लक्ष ६७ हजार माणसे मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या मार्गांनी शहराच्या हिशेबात आली, असे मानणे भाग आहे. राजधानीकडे लोक आले हे खरे. पण काही लोक आपल्या घरीच राहिले आणि हद्दच त्यांच्यापर्यंत चालत आली, हेही तितकेच खरे.

आता दाटीकडे वळू. २०११ साली रायपूर जिल्ह्यात सुमारे ४० लक्ष ६४ हजार लोक होते, आणि दर चौरस किलोमीटरला वस्ती तीनशे ते साडेतीनशे यांच्या दरम्यान पडत होती. जानेवारी २०१२ मध्ये या जिल्ह्यातून बलौदाबाजार व गरियाबंद हे दोन जिल्हे वेगळे काढण्यात आले. उरलेल्या भागाची लोकसंख्या, २०११ च्याच गणनेप्रमाणे, सुमारे २१ लक्ष ६१ हजार होती व क्षेत्र सुमारे २,९१४ चौरस किलोमीटर. भागाकार केला असता दाटी सातशे चाळीसच्या आसपास येते. एकही कुटुंब हलले नाही, एकही नवे घर उभे राहिले नाही. तरी ‘रायपूर जिल्ह्याची दाटी’ दुपटीहून अधिक झाली! विरळ वस्तीचा मुलूख भाजकातून वगळला गेला, एवढेच येथे घडले.

शहराच्या बाबतीतही हेच आहे. शहराचे क्षेत्र म्हणून बहुधा दिला जाणारा २२६ चौरस किलोमीटर हा आकडा घेतल्यास, २०११ च्या लोकसंख्येवरून दाटी सुमारे साडेचार हजार येते. त्याच वर्षी नागपूरची दाटी सुमारे अकरा हजार, तर बृहन्मुंबईची वीस हजारांहून अधिक होती. यावरून रायपूर मोकळे शहर आहे असे कोणी म्हणेल. परंतु सरासरीत तलाव, रिकाम्या जमिनी व कडेची विरळ वस्ती यांचाही समावेश असतो. पुरानी बस्तीच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला त्या मोकळेपणाचा काही उपयोग नसतो. याउलट हद्दीबाहेरची, पण शहराला लागूनच असलेली बिरगावसारखी दाट वस्ती पालिकेच्या आकड्यात येतच नाही. ती धरून होणाऱ्या नागरी समूहाची लोकसंख्या २०११ साली सुमारे ११ लक्ष २० हजार होती.

हा केवळ आकड्यांचा खेळ नव्हे. त्यावर पिण्याचे पाणी अवलंबून असते. राजनांदगावचे राजे बलरामदास यांच्या देणगीच्या साहाय्याने १८९२ साली रायपुरात खारून नदीचे पाणी नळाने आले. त्या वेळी शहर आजच्या मानाने फारच लहान होते. मोठ्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी असावे, असे प्रमाण आपल्याकडे धरतात. त्या हिशेबाने २०११ च्या रायपूरला दररोज सुमारे साडेतेरा कोटी लिटर पाणी हवे. आता महानदीवरील गंगरेल धरणाचे पाणीही शहराच्या कामी येते. उलट पावसाचे पाणी जिरविणाऱ्या तलावांपैकी राजबंध्यासारखे काही बुजले गेले आहेत. लोकसंख्येच्या अंदाजात दर पाच माणसांमागे एक माणूस मोजावयाचे राहिले, तर रोजच्या गरजेत सुमारे पावणेतीन कोटी लिटरांची चूक होते. आणि नळाच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या घरांना ती चूक प्रथम भोगावी लागते.

म्हणून गणना वेळेवर होणे अगत्याचे आहे. २०२१ सालची जनगणना कोविडच्या साथीमुळे पुढे ढकलली गेली. पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जून २०२५ मध्ये जाहीर झाली. दोन गणनांमधील या दीर्घ काळात शहर थांबून राहिलेले नाही.

लोकसंख्येचा अथवा दाटीचा कोणताही आकडा वाचताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी : तो कोणत्या वर्षाचा आहे? कोणत्या हद्दीचा आहे? आणि त्या हद्दीत माणसे सारखी पसरली आहेत, की एका कोपऱ्यात दाटली आहेत? आपल्या गल्लीतील घरे व माणसे मोजून, पावलांनी लांबीरुंदी काढून, हा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा. तो गावाच्या सरासरीशी ताडून पाहिला, म्हणजे एका आकड्यात किती दडलेले असते हे आपोआप कळून येईल.