दाराला पडदा कोणता लावावा?

दार कशासाठी असते? माणसांनी जावे-यावे म्हणून. पण दारातून माणसांखेरीज आणखीही पुष्कळ पाहुणे घरात येतात. वारा येतो, उजेड येतो. ऊन येते, धूळ येते, डास-माश्या येतात. रस्त्याने जाणाऱ्याची नजरही येते. यांतले काही पाहुणे हवेत, काही नकोत. हव्या त्यांना आत घ्यायचे आणि नको त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवायचे, हेच पडद्याचे काम.

म्हणून पडदा घेताना आधी रंग पाहू नका. दारापाशी उभे राहा आणि विचार करा, "या दारातून काय आत येऊ द्यायचे नाही?" त्याचे उत्तर मिळाले की पडदा ठरला. एकाच घरातल्या चार दारांची उत्तरे चार असतात. आपण एकेक दार पाहू.

उन्हाचे दार

पश्चिमेकडे तोंड असलेल्या दारावर दुपारनंतर ऊन येते. अशा दाराला बांबूच्या काड्यांचा पडदा उत्तम. त्याला चिकाचा पडदा म्हणतात. ताटी आपल्या ओळखीची आहे. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग आपण भजनात ऐकतो. ताटी म्हणजे कांबट्यांचे दार. चिकाचा पडदा हा ताटीचाच हलका भाऊ. तो गुंडाळून वर बांधता येतो.

हा पडदा दाराच्या बाहेरच्या अंगाला लावावा. का बरे? पडदा आत असला, तर ऊन आधी घरात शिरते आणि मग अडते. तोवर उष्णता घरात आलेलीच असते. बाहेर असला, तर ऊन बाहेरच अडते.

चिकाच्या पडद्याची आणखी एक गंमत आहे. दिवसा घरातल्याला बाहेरचे दिसते, पण बाहेरच्याला आतले दिसत नाही. रात्री घरात दिवा लागला की उलटे होते. बाहेरच्याला सारे घर दिसते! म्हणून रात्री त्याच्या आतून कापडी पडदा ओढावा.

विदर्भ, खानदेश, मराठवाडा इकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते. तिथे दाराला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडतात. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेते. त्यामुळे आत गार वारा येतो. वाळा परवडत नसेल तर ओले गोणपाट लावा, तेही चालते. पिण्याचे पाणी मात्र यात घालवू नका. भाजी धुतलेले पाणी पुरते. कोकणात हा उपाय फारसा चालत नाही. तिथली हवा आधीच ओलसर, त्यामुळे पाणी लवकर वाळत नाही.

डासांचे दार

परसदाराशी सांडपाणी असते, झाडोरा असतो. तिथून डास येतात. डासांपासून हिवताप होतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत शोधून काढले. हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. म्हणून या दाराला जाळीच हवी, आणि ती दिवसरात्र हवी. साध्या कापडाच्या फटीतून डास सहज येतो.

जाळीची भोके दीड मिलिमीटरहून मोठी नसावीत. जाळी लाकडी चौकटीवर ताणून बसवावी. जाळीचे दार बाहेर उघडणारे करा. आत उघडले, तर जाळीवर बसलेले डास दाराबरोबर घरात येतात. दाराखाली फट राहिली तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ठोकून ती बुजवा.

पण जाळी लावली म्हणजे काम संपले असे नाही बरं का! पाणी साठलेले राहिले तर डास होतच राहणार. आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत.

चुलीचे दार

स्वयंपाकघराच्या दाराला, चुलीजवळ, कापडी पडदा नको. वाऱ्याने पडदा उडतो आणि जाळावर जातो. सुती कापड भडकन पेटते. नायलॉनचे कापड वितळते आणि अंगाला चिकटते. जुने नायलॉनचे लुगडे पडदा म्हणून इथे लावूच नये.

चूल पेटलेली असताना दार उघडे ठेवा. धूर बाहेर गेला पाहिजे. घरात गॅसची शेगडी असली तरी हेच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर पडदा सारा, दारे-खिडक्या उघडा, आणि विजेच्या बटणाला हात लावू नका.

न्हाणीचे दार

इथे नजर अडवायची असते. इथे पाणी उडते, म्हणून ताडपत्री किंवा प्लास्टिकचा जाड कागद बरा. गोणपाट ओले राहते आणि कुजते. पडद्याच्या वर हातभर जागा मोकळी सोडा, म्हणजे वारा खेळतो. तरी सांगतो, बायामाणसांसाठी पडद्यापेक्षा आतून कडी लागणारे दार केव्हाही चांगले. आधी ते करावे.

बाळंतिणीच्या खोलीचे दार

हे दार सगळ्यांत महत्त्वाचे. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दाराला गोणपाट लावतात, खिडकी चिंध्यांनी बुजवतात, आणि आत शेगडी ठेवतात. अशा खोल्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. यात माया असते, पण धोकाही असतो. निखाऱ्यांतून एक विषारी वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. बंद खोलीत तो साचला तर झोपेतच जीव जातो.

दुसरे असे की, अंधारात बाळाचा रंग दिसत नाही. पुष्कळ बाळांना जन्मानंतर कावीळ होते. बहुतेकांची ती आपोआप जाते. पण काहींची वाढते आणि मेंदूला कायमची इजा करते. बाळ पिवळे पडत चालले आहे हे दिवसाच्या उजेडातच कळते. तसे दिसले तर लगेच दवाखान्यात न्यावे.

म्हणून या दाराला पातळ, सुती, धुतलेला पडदा लावा. खाट वाऱ्याच्या झोतात ठेवू नका. बाळाला टोपडे घाला, आईजवळ ठेवा. ऊब अंगाला द्यायची, खोली कोंडायची नाही.

माप कसे घ्यावे?

दार ३ फूट रुंद असेल, तर कापड दीडपट, म्हणजे साडेचार फूट रुंद घ्या. मग चुण्या नीट पडतात. दांडीपासून जमीन साडेसहा फूट असेल, तर खाली २ इंच मोकळे सोडा. राहिले ६ फूट ४ इंच. वरच्या आणि खालच्या दुमडीसाठी ८ इंच मिळवा. झाले ७ फूट. सुती कापड आटते, म्हणून आधी भिजवून वाळवा, मग शिवा.

पडद्याची दोरी लोंबती ठेवू नका. खेळताना लहान मुलाच्या गळ्यात तिचा फास बसू शकतो. दोरी उंच खुंटीला गुंडाळा. पडदा दररोज झटका, कारण चुण्यांच्या अंधारात डास दडून बसतात. महिन्यातून एकदा धुवून उन्हात वाळवा.

पैसे थोडे असतील तर आधी काय करावे? बाळंतिणीच्या दाराचे गोणपाट काढा, त्याला पैसा लागत नाही. मग परसदाराला जाळी लावा. बैठकीचा फुलाफुलांचा पडदा पुढच्या सुगीला घेता येईल.