घर बांधायचे नाही, पेरायचे!

इथल्या कुठल्याही मराठी घरी जा, स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्त्याची नाहीतर तुळशीची कुंडी दिसणारच. ऑक्टोबर लागला की कुंड्या डेकवरून घरात येतात, आणि थंडी वाढली की काहींच्या बेसमेंटमध्ये त्यांच्यासाठी खास दिवेही लागतात. आपले झाड परक्या हवेत जगवायचे तर त्याच्यासाठी घर करावे लागते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अवकाशात झाडे न्यायची म्हटले की आम्हा इंजिनिअर मंडळींच्या डोक्यातही पहिल्यांदा हेच येते: धातूचा डबा, त्याला काच, आत दिवे आणि दिव्यांखाली कुंडी.

एका गृहस्थांनी मात्र हा विचारच उलटा केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, झाडासाठी घर कशाला करता? झाडालाच घर होऊ द्या, आणि तुम्ही त्यात राहायला जा!

हे गृहस्थ म्हणजे फ्रीमन डायसन. जन्म १९२३ सालचा, इंग्लंडमधला. पुढे १९५३ पासून २०२० मध्ये निधन होईपर्यंत त्यांचा मुक्काम न्यू जर्सीत, प्रिन्स्टनच्या 'इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी'मध्ये. विषय गणित आणि पदार्थविज्ञान. एवढे मोठे नाव, पण पीएच.डी. कधी केलीच नाही. (हे वाक्य मुलांना मोठ्याने वाचून दाखवू नये, ही पालकांना नम्र विनंती.) १९७२ साली लंडनच्या बर्कबेक कॉलेजात दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी ही कल्पना मांडली. जनुके बदलून असे झाड तयार करायचे की ते धूमकेतूवर रुजेल, निर्वात पोकळीत पाने पसरेल, दूरच्या सूर्याचा मिणमिणता उजेड गोळा करेल आणि तयार झालेला ऑक्सिजन खाली मुळांकडे पाठवेल. माणसांनी राहायचे ते त्या मुळांच्या जाळ्यात.

ऐकताना ही परीकथा वाटते. पण आम्ही पेशाने इंजिनिअर असल्यामुळे कल्पना कितीही अचाट असली तरी हात आधी कॅल्क्युलेटरकडे जातो. तेव्हा थोडा हिशेबच करू या.

एका माणसामागे किती पाने?

माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. झाडाने एवढा ऑक्सिजन सोडला की त्याच वेळी त्याच्या अंगात सुमारे ७९० ग्रॅम कोरडा ऐवज तयार होतो, म्हणजे पान, खोड, मूळ, दाणा असे सगळे धरून. हे शाळेतल्या रसायनशास्त्राचे साधे गणित. आता चांगले जोमदार पीक पृथ्वीवर दिवसाला चौरस मीटरमागे २० ग्रॅम वाढते असे धरले, तर एका माणसाच्या श्वासापुरती ४० चौरस मीटर हिरवळ लागेल. म्हणजे सव्वाचारशे चौरस फूट. मुंबईकरांच्या भाषेत एक 'वन रूम किचन'.

पण हे झाले पृथ्वीवरच्या उजेडात. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. शनी आपल्यापेक्षा सूर्यापासून सुमारे दहापट लांब, म्हणून तिथे उजेड शंभरावा हिस्सा. त्याच माणसाला तिथे ४००० चौरस मीटर, म्हणजे एक एकर पाने हवीत. प्लूटोच्या पलीकडे, जिथे धूमकेतूंची मोठी वस्ती आहे, तिथे अंतर चाळीसपट आणि उजेड सोळाशेवा हिस्सा. म्हणजे माणशी १६ एकर! चौघांच्या कुटुंबाला ६४ एकर. एवढे काचेचे ग्रीनहाऊस पृथ्वीवरून रॉकेटने न्यायचे म्हटले तर कुठलाही अर्थमंत्री चक्कर येऊन पडेल.

डायसन यांच्या कल्पनेतली गंमत इथेच आहे. पान न्यावे लागत नाही, ते वाढते. न्यायचे ते फक्त बी. बाकीचा माल जागेवरच मिळतो, कारण धूमकेतू म्हणजे बर्फ, कार्बनची संयुगे आणि थोडा नायट्रोजन यांचा गोळा. युरोपच्या रोझेटा यानाने २०१४ पासून दोन वर्षे एका धूमकेतूच्या सोबत राहून तपासणी केली, तेव्हा तिथे ग्लायसीन हे ॲमिनो आम्लसुद्धा सापडले. थोडक्यात, खत-पाण्याची सोय आहे.

आणि वजनाचा प्रश्न तर उरतच नाही. १६ किलोमीटर व्यासाच्या अशा भुसभुशीत गोळ्यावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे नऊ हजारावा हिस्सा. साठ किलोच्या माणसाचे वजन तिथे भरेल सात ग्रॅम, म्हणजे चहात घालायची दीड चमचा साखर. पृथ्वीवरच्या झाडाची बरीचशी कमाई स्वतःचे ओझे उभे धरण्यात खर्च होते. तिथे हा खर्चच नाही. डायसन यांच्या अंदाजाने अशा झाडाच्या फांद्या शेकडो मैल पसरू शकतील, आणि धूमकेतू त्या पर्णसंभारात नारळाएवढाही दिसणार नाही.

झाडात बदलायचे काय?

पहिली अडचण पोकळीची. हवेचा दाब नसेल तर झाड फुटेल असे आपल्याला वाटते, पण तसे नाही. पानातल्या पेशी नेहमीच आतून हवेच्या दाबाच्या कित्येक पट दाब सोसत असतात. खरी भीती आहे ती पाणी उडून जाण्याची. फ्लोरिडा विद्यापीठातल्या ॲना-लिसा पॉल आणि रॉबर्ट फर्ल यांनी अरॅबिडॉप्सिस नावाचे, मोहरीच्या घराण्यातले वीतभर रोपटे हवेच्या एक-दशांश दाबात ठेवून पाहिले. २००४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मोठा मजेदार आहे. मुळाशी भरपूर पाणी असूनही रोपट्याने दुष्काळात वापरायची जनुके चालू केली! बिचाऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवात कमी दाब कधी आलाच नव्हता, म्हणून त्याने त्याचा अर्थ 'दुष्काळ' असा लावला. असे चुकलेले निरोप दुरुस्त करणे आणि पानाला निवडुंगापेक्षाही घट्ट, पाणी न सोडणारी कातडी देणे, हे पहिले काम.

दुसरी अडचण थंडीची, आणि ती जास्त अवघड. धूमकेतूवर शून्याखाली दोनशे अंशांहून अधिक थंडी. यावर डायसन यांनी नंतरच्या लिखाणात सुचवलेला उपाय म्हणजे 'गरम रक्ताची' झाडे. यातही निसर्गाने आधीच पायवाट पाडून ठेवली आहे. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाच्या दलदलीत हिवाळा संपता संपता स्कंक कॅबेज नावाची वनस्पती स्वतःच्या उष्णतेने भोवतालचा बर्फ वितळवून वर येते. आपले कमळही याच पंथातले. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उद्यानात केलेली मोजमापे १९९६ साली प्रसिद्ध झाली. बाहेर हवा १० अंशांपर्यंत उतरली तरी उमललेले कमळ आतून ३० अंशांच्या वर राहत होते. आपल्या सुरणाचे फूलही तापते. म्हणजे उष्णता निर्माण करणारी यंत्रणा वनस्पतींच्या जनुकांत आहेच. ती कायम चालू ठेवायची, वर कासवाच्या पाठीसारखे जाड कवच वाढवायचे आणि त्या कवचाला उजेड आत घेणारी पारदर्शक खिडकीही झाडानेच घडवायची, असा हा बेत.

कासव कवच करते, शिंपला मोती करतो, मग झाडाने खिडकी का करू नये? तत्त्वतः आडकाठी नाही. पण आजच्या जनुकशास्त्राला मोजकीच जनुके घालता येतात. अख्खी नवी खिडकी घडवायला शेकडो जनुकांची जुळवाजुळव लागेल, आणि तिथवर अजून कुणी पोचलेले नाही.

आज गाडी कुठे आहे?

सुरुवात मात्र झाली आहे. जुलै १९९९ मध्ये कोलंबिया यानातून जनुके बदललेली अरॅबिडॉप्सिसची रोपे अवकाशात जाऊन आली. ताण आला की निळा रंग धरायचा, अशी खूण त्यांच्यात घातली होती, आणि ती मुळांमध्ये उमटली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत वेंडी बॉस आणि एमी ग्रंडेन यांनी नासाच्या मदतीने, उकळत्या पाण्याइतक्या तापमानात सुखाने राहणाऱ्या समुद्रतळाच्या एका सूक्ष्मजीवाचे जनुक वनस्पतीत घातले. त्यामुळे रोपाची ताण सोसायची ताकद वाढली. मंगळासाठी झाड 'शिवून' घेण्याचा हा पहिला टाका.

साध्या, न बदललेल्या झाडांची प्रगती तर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आली आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये अंतराळ स्थानकावर पिकवलेले लाल लेट्यूस अंतराळवीरांनी तिथेच खाल्ले. ३० डिसेंबर २०२४ ला उडालेल्या पीएसएलव्हीवर इस्रोने चवळीचे आठ दाणे पाठवले आणि चार दिवसांत त्यांना मोड आले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावर मूग आणि मेथी रुजवली, आणि त्या प्रयोगामागे धारवाडचे शास्त्रज्ञ होते. मोड आलेल्या मुगाची उसळ अवकाशात होण्याची वेळ फार लांब नाही, फोडणीचे तेवढे बघावे लागेल.

'घर होणाऱ्या' वनस्पतींच्या दिशेनेही पाऊल पडले आहे. हार्वर्डचे रॉबिन वर्ड्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये दाखवले की, वनस्पतिजन्य प्लास्टिकच्या पातळ कवचात, मंगळाइतक्या विरळ हवेत, हिरवे शेवाळ वाढू शकते. पुढची कल्पना अशी की शेवाळापासून प्लास्टिक, प्लास्टिकचे कवच, आणि कवचात पुन्हा शेवाळ. डायसन यांच्या झाडाचे हे अगदी तान्हे भावंड म्हणायला हरकत नाही.

भिंतीने गिळलेला श्वास आणि गुलाबी अळी

मग नुसते कौतुक करून थांबावे का? आम्हाला तसे वाटत नाही. दोन गोष्टी या निमित्ताने आठवणे जरूर आहे.

पहिली ॲरिझोनातली. १९९१ साली आठ माणसे 'बायोस्फियर २' या सुमारे तीन एकरांच्या काचबंद जगात दोन वर्षांसाठी राहायला गेली. आत शेती, छोटे जंगल, छोटा समुद्रसुद्धा. पण ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून घसरत घसरत १४.५ वर आला, आणि जानेवारी १९९३ मध्ये तो बाहेरून भरावा लागला. मातीतल्या जिवाणूंनी ऑक्सिजन खाल्ला, हे खरे. पण त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साईड झाडांना मिळायच्या ऐवजी काँक्रीटच्या भिंतींनी शोषून घेतला, आणि हिशेब चुकला. बंद जगात भिंतसुद्धा श्वास घेते! भिंतच झाडाची असावी, या मताला यातून बळ मिळते, आणि सगळे गणित आपल्याला कळले आहे या घमेंडीला धक्काही बसतो.

दुसरी गोष्ट विदर्भातली. भारतात २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कापसात घातले, बोंडअळी मरू लागली, फवारण्या कमी झाल्या. पण अळीही जिवंत प्राणी आहे, ती गप्प बसत नाही. गुलाबी बोंडअळीने हळूहळू त्या विषाला दाद देणे सोडले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची बोंडे तिने पोखरून टाकली. त्यात जनुक जसेच्या तसे होते, बदलली ती भोवतालची सृष्टी. यंत्र बिघडले तर थांबते. जिवंत वस्तू बिघडली तरी वाढतच राहते, आणि वाढता वाढता बदलते.

डायसन यांना आपली झाडे बिया टाकत एका धूमकेतूवरून दुसऱ्यावर पसरायला हवी होती, आणि त्या कल्पनेचा मोह आम्हालाही पडतो. पण असे झाड एकदा सुटले की परत बोलावता येणार नाही. १९६७ च्या अवकाश कराराने परक्या ग्रहगोलांची हानिकारक दूषितता टाळण्याचे बंधन सर्व सह्या करणाऱ्या देशांवर घातले आहे. ज्या बर्फाळ जगात कदाचित स्वतःची जीवसृष्टी असेल तिथे आपली पेरणी करून मोकळे होणे, हे त्या बंधनात बसणारे नाही.

म्हणून आमचे मत असे, की अवकाशातले पहिले झाड-घर केळीसारखे असावे. आपली केळ बी धरत नाही. कुणीतरी हाताने मुनवा काढून दुसरीकडे लावला तरच पुढची केळ होते. हजारो वर्षे ती माणसाच्या हातून प्रवास करत आली आहे, आणि त्यात तिचे काही बिघडलेले नाही. झाडाने आपल्याला हवा द्यावी, ऊब द्यावी, छप्पर द्यावे, पण पुढच्या गोळ्यावर जायचे की नाही हे मात्र मुनवा हातात घेतलेल्या माणसाने ठरवावे. त्यावेळी तो माणूस नीट विचार करून ठरवील, एवढे शिक्षण त्याला देणे आपल्या पिढीच्या हातात आहे. घरातला कुणी मुलगा-मुलगी कॉम्प्युटर सोडून बायॉलॉजीत जातो म्हणाला, तर मंडळी, लगेच कपाळाला आठ्या घालू नका.