गुडघ्याची वाटी आणि दहा मिलिमीटर

डोंगरातल्या पायवाटांवर सायकल घालणाऱ्यांना नीपॅड घेताना एक कोडं हमखास पडतं. साध्या फोमचे पॅड घ्यावेत, की 'एरवी मऊ, आपटताच कडक' अशी ख्याती असलेल्या नव्या पदार्थाचे, चार पैसे जास्त मोजून? प्रश्न रास्त आहे, पण अर्धवट आहे. गुडघा वाचतो तो मिलिमीटरांमुळे. हाती असलेल्या मिलिमीटरांचा पुरेपूर उपयोग करून देणं, एवढंच पदार्थाचं काम. वाटी हे आपल्या शरीरातलं फार उघडं पडलेलं हाड आहे. मांडीला स्नायूंची गादी आहे, पोटरीला मांस आहे. वाटीसमोर मात्र कातडी, तिच्याखाली द्रवाची एक पातळ पिशवी आणि लगेच हाड. इतरत्र शरीर थोडं थोडं दबत जाऊन मार पचवतं. गुडघ्यावर तशी सोय नाही, म्हणून ते दबणं बाहेरून आणावं लागतं.

किती दबणं पुरेल, याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने होतो. सांध्यांच्या पॅडसाठी युरोपात ईएन १६२१-१ नावाचं मानक आहे. ते मोटारसायकलवाल्यांसाठी लिहिलं गेलं आणि सायकलच्या पॅडनीही तेच उचललं. चाचणीत पाच किलोचा ठोकळा साधारण एक मीटरवरून पॅडवर सोडतात, म्हणजे सुमारे ५० ज्यूल ऊर्जा. ही ऊर्जा १० मिलिमीटरांत जिरवायची तर सरासरी ५ किलोन्यूटन बल लागतं. ५ मिलिमीटरांत जिरवायची तर १० किलोन्यूटन. जाडी निम्मी, तर बल दुप्पट. या भागाकारातून कुठल्याही रेणूची सुटका नाही. त्यातही हे सरासरी बल झालं. प्रत्यक्षात साधा मऊ फोम सुरुवातीला फारसा विरोध न करता दबतो, निम्मी जाडी वाया घालवतो, मग तळाला टेकतो आणि बल एकदम उसळतं. कडक फोम जाडी नीट वापरतो, पण तो बांधून पेडल मारता येत नाही. नव्या पदार्थांचा खरा गुण इथे आहे: गुडघा वाकताना ते मऊ फोमसारखे वागतात आणि आपटताना कडक फोमसारखे. हा गुण अस्सल आहे. फक्त त्यामुळे पाच मिलिमीटरचे दहा होत नाहीत.

या गुणाचं वर्णन करताना जाहिराती 'रेणू एकमेकांत अडकतात' असं सांगून मोकळ्या होतात. खरी गोष्ट त्याहून कितीतरी सुरस आहे. ओल्या वाळूवर चालताना पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी पडते, हे गुहागरच्या किंवा मुरुडच्या किनाऱ्यावर कुणीही पाहिलं असेल. वजन पडलं तर पाणी वर यायला हवं. ते आत का जातं? मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये याचा उलगडा केला. घट्ट बसलेले दाणे एकमेकांवरून सरकायचे तर आधी त्यांना थोडं दूर व्हावं लागतं. मधल्या फटी वाढतात आणि पाणी आत ओढलं जातं. रबरी पिशवीत दाणे आणि पाणी भरून, पिशवी दाबली की वरच्या नळीतलं पाणी चढण्याऐवजी उतरतं, हे तो करून दाखवत असे. या फुगण्याला त्याने 'डायलेटन्सी' नाव दिलं आणि या कल्पनेवर त्याचा इतका जीव जडला, की विश्व व्यापणारा ईथर अशाच दाण्यांचा बनला आहे असं मांडणारं पुस्तक त्याने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलं. ईथर गेला, पुस्तक विस्मरणात गेलं, आणि रेनॉल्ड्स उरला तो नळातल्या प्रवाहाच्या आकड्यापुरता. पण जोर लावताच घट्ट होणाऱ्या साऱ्या पदार्थांना पुढे 'डायलेटंट' म्हणायची रीत पडली, ती त्याच्या या वाळूपासून.

पॅडमधला पदार्थ मात्र वाळूच्या घराण्यातला नाही, आणि ही सरमिसळ दूर करायला हवी. त्याचा पूर्वज दुसऱ्या महायुद्धातला. रबराला पर्याय शोधताना जनरल इलेक्ट्रिकच्या जेम्स राइटने १९४३ मध्ये सिलिकॉन तेलात बोरिक आम्ल मिसळलं. हाती आला तो चेंडूसारखा उसळणारा आणि टेबलावर ठेवला तर हळूहळू पसरत जाणारा गोळा. युद्धात त्याचा उपयोग झाला नाही; १९५० मध्ये तो प्लॅस्टिकच्या अंड्यात भरून 'सिली पुटी' या नावाने मुलांना विकला गेला. त्यातल्या लांब साखळ्या बोरॉनच्या तात्पुरत्या सांध्यांनी जोडलेल्या असतात. सांधे सतत सुटतात, पुन्हा जुळतात. वेळ दिला तर साखळ्या सरकून वाट काढतात. वेळ दिला नाही तर सांधे सुटायच्या आत घाव बसतो आणि गोळा घनासारखा वागतो. म्हणजे हा पदार्थ घावाचा जोर मोजत नाही, त्याला मिळालेला वेळ मोजतो. १९९९ पासून ब्रिटिश इंजिनिअर रिचर्ड पामर यांनी अशी पुटी लवचीक फोममध्ये मुरवून डी-थ्री-ओ बनवलं. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या स्कीपटूंच्या पोशाखांत ते होतं. सायकलवर ही कल्पना चपखल बसते. मिनिटाला साठ फेऱ्यांच्या लयीत गुडघा वाकायला अर्धा सेकंद लागतो; एक मीटरवरून पडलेला ठोकळा दहा मिलिमीटरांत थांबायला साधारण पाच मिलिसेकंद. शंभरपटींचं अंतर आहे, आणि पदार्थ तेवढ्यावरून वाकणं आणि आपटणं वेगळं ओळखतो.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. ईएन १६२१-१ ची पहिली पातळी सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत कमाल बल पलीकडे जाऊ देते, दुसरी २० पर्यंत. मोटारींच्या अमेरिकी अपघात-चाचण्यांत मात्र मांडीच्या हाडासाठी मर्यादा १० किलोन्यूटनची आहे. मग प्रमाणित पॅड घालूनही हाड मोडणारच की? तसं नाही. चाचणीत पॅडखाली पोलादी ऐरण असते, ती तसूभरही हटत नाही. माणसाचा पाय हटतो, वाकतो, त्याचे स्नायू दबतात. म्हणून हे आकडे दोन पॅडांची तुलना करायला वापरावेत; आपलं हाड किती सोसेल हे त्यांवरून ठरवू नये. त्याच न्यायाने दुसरी पातळी पहिलीपेक्षा निश्चित सरस, आणि लेबलवर पातळीच नसेल तर 'प्रगत पदार्थ' या शब्दांना काही वजन नाही. आणखी एक खूण आपल्याकडे फार मोलाची आहे. उष्णतेने हे तात्पुरते सांधे लवकर सुटतात, पदार्थ सैल पडतो. ४० अंश सेल्सिअसला घेतलेली चाचणी ऐच्छिक असते. ती पार केलेल्या पॅडवर 'टी' आणि अधिक चिन्ह असतं. एप्रिलमध्ये सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्याने ते चिन्ह शोधावंच, कारण घामेजल्या गुडघ्यावरचा पॅड एरवीही प्रयोगशाळेपेक्षा गरम असतो.

मग सर्वांत जाड, टणक कवचाचाच पॅड का घेऊ नये? बेसॉल्टच्या धारदार कडेवर टणक कवचाचा फायदा आहेच: ते टोकाचा मार पसरवतं आणि जमिनीवरून घसरतं, त्यामुळे पाय अडकून मुरगळण्याचा धोका घटतो. नुसते उतार उतरायचे असतील तर तेच घ्यावं. पण चढही पेडल मारून चढायचा असेल तर दोन तासांत प्रत्येक गुडघा सात हजारांवर वेळा वाकतो. टोचणारा पॅड पहिल्याच चढाला सॅकमध्ये जातो आणि पडण्याच्या क्षणी तिथेच राहतो. पॅड गुडघ्यावर असूनही दोन बोटं खाली सरकला असेल, तर दुसऱ्या पातळीचं संरक्षण नडगीला मिळतं आणि वाटी उघडी राहते. मुरगळून लिगामेंट दुखावणं यातला कुठलाच पॅड थांबवत नाही. त्यासाठीचे पट्टे वेगळे असतात आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचे असतात. दुकानात म्हणूनच पॅड घालून सायकलवर बसावं, वीस-पंचवीस वेळा गुडघा पूर्ण वर आणावा, आणि मग हाताने पॅड जोर लावून खाली ओढून पाहावा. वाटी अजूनही पॅडच्या खोबणीतच असेल, तर किमतीकडे पाहायला हरकत नाही.